लिफाफ्याआधीचे निकाल

१९४० च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या अँबॅसॅडर हॉटेलात ऑस्करचा सोहळा होता. विजेत्यांची नावं वर्तमानपत्रांना आधीच कळवायची आणि रात्री अकरापर्यंत छापू नका एवढंच सांगायचं, अशी अकादमीची तोवरची पद्धत होती. 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने त्या वर्षी हा संकेत मोडला. संध्याकाळची आवृत्ती पावणेनऊला रस्त्यावर आली आणि पाहुणे निकाल वाचूनच सभागृहात शिरले. 'गॉन विथ द विंड'च्या विजयाची बातमी सोहळ्याआधीच शिळी झाली होती. पुढच्याच वर्षी बंद लिफाफे आले. मतमोजणी करणाऱ्या हिशेबनीसांच्या कंपनीतली मोजकी माणसं सोडली, तर मंचावर लिफाफा फुटेपर्यंत नाव कोणाला कळत नाही. ही पद्धत आजही तशीच आहे.

तरीही आज परिस्थिती १९४० पेक्षा फार वेगळी नाही. नावं कोणी फोडत नाही, पण सोहळ्याच्या आठवडाभर आधी बहुतेक विजेते जाणकारांना ठाऊक असतात. डिसेंबरात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांचे पुरस्कार जाहीर होतात, जानेवारीत गोल्डन ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस, मग निर्माते, दिग्दर्शक, अभिनेते, पटकथाकार यांच्या गिल्डांचे आणि लंडनचे बाफ्टा. ही सगळी नावं एका तक्त्यात मांडली, कोणत्या पुरस्काराला किती वजन द्यायचं हे ठरवलं, की ऑस्करचं भाकीत तयार. संख्याशास्त्रज्ञांनी यावर गंभीर अभ्यास केले आहेत, सट्टेबाज त्यावर पैसे लावतात, आणि हंगामभर या एकाच विषयावर लिहिणारे पत्रकार हॉलिवूडमध्ये आहेत.

हा खेळ मला आवडतो. पण त्यामागचा एक समज मला मान्य नाही. आधीचे पुरस्कार म्हणजे चित्रपटाच्या गुणवत्तेची चाचणी, ऑस्कर ही अंतिम परीक्षा, आणि दोन्हींचे निकाल जुळतात कारण चित्रपट चांगला असतो, असा तो समज. माझं म्हणणं असं, की हे पुरस्कार ऑस्करचं भाकीत जितकं करतात तितकंच ऑस्कर घडवतात. ज्या मतदाराने सगळे चित्रपट पाहिलेले नसतात, त्याला ते दोन गोष्टी सांगतात: काय पाहायचं, आणि कोणाला मत दिलं तर ते वाया जाणार नाही. भाकीत अचूक ठरतं तेव्हा त्यातला मोठा वाटा या न पाहण्याचा असतो.

गुणवत्तेचा दावा आधी तपासू. आधीचे निकाल गुणवत्तेमुळे जुळत असतील, तर सर्वांत जास्त चित्रपट पाहणाऱ्यांचा, म्हणजे समीक्षकांचा कौल ऑस्करशी सर्वांत जास्त जुळायला हवा. प्रत्यक्षात उलट होतं. २०१० च्या चित्रपटांचा हंगाम आठवा. डेव्हिड फिंचर यांच्या 'द सोशल नेटवर्क'ने न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचे समीक्षक, नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यू आणि नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स असे चारही मान मिळवले. पाठोपाठ क्रिटिक्स चॉइस आणि गोल्डन ग्लोब. जानेवारीच्या मध्यापर्यंत दुसऱ्या चित्रपटाचं नाव घेणाऱ्याला वेड्यात काढलं गेलं असतं. मग २२ जानेवारी २०११ ला निर्मात्यांच्या गिल्डने 'द किंग्ज स्पीच' निवडला, २९ ला दिग्दर्शकांच्या गिल्डने त्याचे दिग्दर्शक टॉम हूपर यांना निवडलं, ३० ला अभिनेत्यांच्या गिल्डने त्याच्या नटसंचाला. नऊ दिवसांत हंगाम उलटला आणि फेब्रुवारीअखेर ऑस्करही तिकडेच गेलं.

समीक्षकांना ऑस्करमध्ये मत नसतं. गोल्डन ग्लोब देणाऱ्या परदेशी पत्रकारांनाही नव्हतं. २०२३ मध्ये त्यांची संस्था बरखास्त होईपर्यंत ती शंभराच्या आतल्या माणसांची संस्था होती. गिल्डांचे सभासद मात्र चित्रपटधंद्यातलेच. तिथेही सरसकट तीच माणसं दोन्हीकडे मत देतात असं नाही. अभिनेत्यांच्या गिल्डमध्ये, म्हणजे सॅगमध्ये, सुमारे १,६०,००० सभासद आहेत. अकादमीतला जवळजवळ प्रत्येक अमेरिकी नट सॅगमध्ये असतो, पण सॅगमधला शंभरातला जेमतेम एक जण अकादमीत असतो. माणसं थोडीच सामाईक आहेत. धंदा, गप्पा आणि आवडीनिवडी मात्र एकच. म्हणून गिल्डाचा कौल म्हणजे मतदानाआधी त्याच गावात झालेलं दुसरं मतदान. त्यातून कळतं ते गावाचं मन. चित्रपटाबद्दल कळतं ते त्या मानाने फारच थोडं.

या साऱ्या साखळीतली सर्वांत भरवशाची कडी दिग्दर्शकांच्या गिल्डची. १९४८ पासून हा पुरस्कार दिला जातो आणि २०२४ च्या चित्रपटांपर्यंत त्याचा विजेता ऑस्करला हुकला तो फक्त ८ वेळा. १९६८ मध्ये गिल्डने अँथनी हार्वी निवडले, ऑस्कर कॅरल रीड यांना. १९७२ मध्ये 'गॉडफादर'चे कोपोला गिल्डचे, ऑस्कर 'कॅबरे'च्या बॉब फॉसींना. पुढे १९८५, १९९५, २०००, २००२, २०१२ आणि २०१९. पाऊणशे वर्षांत आठच चुका म्हटल्यावर भाकीत करणाऱ्याला आणखी काय हवं? पण या आठांपैकी तिघांकडे निरखून पाहायला हवं. १९८५ चे स्पीलबर्ग, १९९५ चे रॉन हॉवर्ड आणि २०१२ चे बेन अ‍ॅफ्लेक हे ऑस्करच्या अंतिम फेरीत हरले नाहीत. त्यांना नामांकनच नव्हतं. नामांकनं फक्त अकादमीची दिग्दर्शक शाखा ठरवते, आणि ती काहीशे जणांची आहे. गिल्डमध्ये मात्र टीव्हीचे दिग्दर्शक आणि सहायक दिग्दर्शक धरून हजारो सभासद. अंतिम मत सगळी अकादमी देते. म्हणजे मोठा जमाव मोठ्या जमावाशी जुळतो. छोटा, आपल्या कामाबद्दल हट्टी असलेला गट अधूनमधून वेगळं बोलतो.

अ‍ॅफ्लेक यांचं वर्ष तर एखाद्या प्रयोगासारखं आहे. एरवी गिल्डची पाच नामांकनं आधी जाहीर होत आणि अकादमीचे दिग्दर्शक ती पाहून आपली मतं देत. त्या वर्षी अकादमीने वेळापत्रक अलीकडे ओढलं. ऑनलाइन मतदान पहिल्यांदाच होत होतं, त्यात अडचणी आल्या म्हणून मुदत एक दिवस वाढवली, आणि ४ जानेवारी २०१३ ला मतदान संपलं. गिल्डची यादी आली ८ जानेवारीला. तिच्यात अ‍ॅफ्लेक, कॅथरिन बिगेलो, टॉम हूपर, आंग ली आणि स्पीलबर्ग होते. १० तारखेला अकादमीची यादी जाहीर झाली तेव्हा तिच्यात यांपैकी दोघंच उरले होते, आंग ली आणि स्पीलबर्ग. उरलेल्या तीन जागांवर डेव्हिड ओ. रसेल, 'आमूर'चे मिखाएल हानेके आणि 'बीस्ट्स ऑफ द सदर्न वाइल्ड' हा पहिलाच चित्रपट करणारे बेन झाइटलिन. गिल्डची यादी समोर नसताना अकादमीच्या दिग्दर्शकांनी एका वयोवृद्ध ऑस्ट्रियन दिग्दर्शकाला आणि तिशीतल्या एका नवख्याला जागा दिली. पुढच्या वर्षी दोन याद्यांतली पाचपैकी चार नावं पुन्हा जुळली. एका वर्षावरून सिद्धान्त उभा राहत नाही हे मला मान्य आहे. तरी यादी हातात नसली की माणूस आपल्या मनातलं नाव लिहितो, याचा इतका स्वच्छ पुरावा या क्षेत्रात मला दुसरा दिसत नाही.

त्याच हंगामाचा पुढचा भाग तितकाच बोलका आहे. अ‍ॅफ्लेक यांना वगळल्याची बातमी सकाळी आली आणि त्याच संध्याकाळी क्रिटिक्स चॉइसने 'आर्गो' आणि अ‍ॅफ्लेक दोघांना पुरस्कार दिला. तीन दिवसांनी गोल्डन ग्लोब, मग निर्माते, अभिनेते, दिग्दर्शक आणि बाफ्टा. प्रत्येक मंचावर त्यांना मिळालेल्या टाळ्यांत अन्याय झाल्याची भावना मिसळलेली होती. २४ फेब्रुवारीला 'आर्गो' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. दिग्दर्शकाला नामांकन नसताना असं घडलं ते 'ड्रायव्हिंग मिस डेझी'नंतर प्रथमच. इथे आधीच्या पुरस्कारांनी फक्त लोकांचं मन दाखवलं, असं म्हणता येईल का? त्यांनी सहा आठवडे ते मन तयार केलं.

भाकितांचे जे पोलादी नियम सांगितले जातात, त्यांतल्या बहुतेकांचं आयुष्य थोडं असतं. सॅगच्या नटसंच-पुरस्काराचं नामांकन नसेल तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळत नाही, असा एक नियम होता. हा पुरस्कार १९९५ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. पहिल्याच वर्षी 'ब्रेव्हहार्ट'ने तो नियम मोडला होता, पण पुढची २१ वर्षं तो टिकला. 'ला ला लँड' २०१७ च्या सोहळ्यात हरला तेव्हा अनेकांनी हाच नियम पुढे केला. पुढच्याच वर्षी 'द शेप ऑफ वॉटर' त्याविना जिंकला, त्यानंतर 'ग्रीन बुक', मग 'नोमॅडलँड'. एकवीस वर्षांचा नियम चार वर्षांत तीनदा मोडला. वर्षाला एकच निकाल देणाऱ्या गोष्टीत वीस-पंचवीस उदाहरणं म्हणजे फारच तुटपुंजी सामग्री, आणि त्या काळात मतदारही बदलत असतात. निवडणुकांच्या भाकितांनी नाव कमावलेल्या नेट सिल्व्हर यांनी २००९ मध्ये तीस वर्षांची आकडेवारी घेऊन सहा विभागांचा अंदाज बांधला. चार बरोबर आले. मिकी रूर्क आणि टाराजी हेन्सन यांच्यावर त्यांचं गणित फसलं. सहापैकी चार हा अंदाज वाईट नाही, पण रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही तेवढं जमलं असतं.

मोजणीची पद्धत हा यातला फारसा न बोलला जाणारा भाग आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तो चटकन कळेल, कारण विधान परिषदेच्या निवडणुकीत आपण पसंतीक्रमाची मोजणी पाहतो. २०१० च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाचाऐवजी दहापर्यंत नामांकनं आली आणि मतदार त्यांना क्रम देऊ लागले. समजा १०० मतदार आहेत आणि चार चित्रपट. पहिल्या पसंतीची मतं: 'अ'ला ३४, 'ब'ला २८, 'क'ला २२, 'ड'ला १६. कोणालाच निम्म्याहून जास्त नाहीत, म्हणून 'ड' बाद. त्या १६ मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहायची: ११ 'ब'कडे जातात, ३ 'क'कडे, २ 'अ'कडे. आता 'अ' ३६, 'ब' ३९, 'क' २५. मग 'क' बाद; त्याच्या २५ पैकी १७ 'ब'कडे, ८ 'अ'कडे. शेवटी 'ब' ५६, 'अ' ४४. सर्वांत जास्त लोकांचा लाडका चित्रपट हरला आणि फारसा कोणाला खुपत नाही असा जिंकला. जुन्या पद्धतीत 'अ' ३४ मतांवरच विजयी झाला असता.

निर्मात्यांच्या गिल्डनेही त्याच वेळी हीच पद्धत घेतली. १९८९ ते २००८ च्या चित्रपटांपर्यंतच्या २० वर्षांत त्यांचा कौल ऑस्करशी १३ वेळा जुळला होता. त्यापुढच्या १६ वर्षांतही १३ वेळा, त्यात एकदा त्यांच्याकडे दोन चित्रपटांची बरोबरी झाली होती. मोजणीचं यंत्र सारखं झालं की निकालही सारखे होऊ लागतात, आणि दोन्हीकडे मधला मार्ग धरणाऱ्या चित्रपटांना फायदा होतो. 'कोडा' हे याचं ठळक उदाहरण. ऑस्करची अवघी तीन नामांकनं, दिग्दर्शनाचं नाही, संकलनाचं नाही; समोर बारा नामांकनांचा 'द पॉवर ऑफ द डॉग'. पण निर्मात्यांचा आणि सॅगचा कौल 'कोडा'ला मिळाला होता. त्या आनंदी, प्रेमळ चित्रपटाला शेवटच्या क्रमांकावर टाकणारे फार नसावेत. जेन कॅम्पियन यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, चित्रपटाचं 'कोडा'ला. माझ्या मते त्या वर्षी कमी दर्जाचा चित्रपट जिंकला. तक्ते अचूक ठरले म्हणून हे मत मी बदलणार नाही.

अर्थात यंत्र सारखं असूनही कधी कधी माणसं वेगळी निघतात. 'ला ला लँड'कडे १४ नामांकनं होती. निर्माते, दिग्दर्शक, बाफ्टा, क्रिटिक्स चॉइस सारे त्याच्या बाजूने होते. २६ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री चुकीच्या लिफाफ्यामुळे त्याचं नाव पुकारलंही गेलं, आणि मग मंचावरच कळलं की विजेता 'मूनलाइट' आहे. हा गोंधळ सगळ्यांना आठवतो. त्यामागे जे बदलत होतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१२ मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने अकादमीच्या मतदारांची पाहणी केली होती: ९४ टक्के गोरे, ७७ टक्के पुरुष, वयाचा मध्य ६२. २०१५ आणि २०१६ असं सलग दोन वर्षं अभिनयाच्या वीसही नामांकनांत एकसुद्धा कृष्णवर्णीय नाव नव्हतं, तेव्हा अकादमीवर टीकेचा भडिमार झाला. मग तिने दरवर्षी शेकडो नवे सभासद बोलावले, त्यांत स्त्रिया होत्या, इतर वर्णांचे लोक होते आणि अमेरिकेबाहेरचे चित्रपटकर्मी मोठ्या संख्येने होते. सहा हजारांच्या आसपास असलेले मतदार दहा हजारांच्या घरात गेले.

त्याचा परिणाम तक्त्यांवर दिसला. २०२० मध्ये '१९१७' या युद्धपटाने गोल्डन ग्लोब, निर्माते, दिग्दर्शक आणि बाफ्टा चारही घेतले. 'पॅरासाइट'कडे सॅगचा नटसंच-पुरस्कार होता आणि पटकथेचा. ऑस्कर 'पॅरासाइट'ला मिळालं, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या चित्रपटाला पहिल्यांदाच. मी त्या निकालाकडे आजही आनंदाने पाहतो, कारण तो कोरियन चित्रपट जगभरच्या मतदारांनी उपशीर्षकं वाचत पाहिला आणि मगच निवडला असणार.

अभिनयात बाफ्टाचं वजन वाढलं. २५ एप्रिल २०२१ चा सोहळा हे त्याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण. चॅडविक बोझमन यांचं ऑगस्ट २०२० मध्ये निधन झालं होतं. गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस आणि सॅग त्यांना मरणोत्तर मिळाले होते. एकटं बाफ्टा अँथनी हॉपकिन्स यांना. भाकिताच्या सगळ्या नियमांनी बोझमन. सोहळ्याच्या आयोजकांनी नेहमीचा क्रम मोडून अभिनेत्याचा पुरस्कार अगदी शेवटी ठेवला. लिफाफ्यात नाव निघालं हॉपकिन्स यांचं, आणि ते वेल्समध्ये झोपले होते. 'द फादर'मधलं त्यांचं काम त्या पुरस्काराला पूर्ण लायक होतं. भाकितावर विसंबून कार्यक्रमाची रचना केल्यामुळे मात्र दोघांचाही मान कमी झाला. अभिनेत्रींत त्या वर्षी ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, सॅग आणि बाफ्टा चौघींना वेगवेगळे गेले होते. ऑस्कर बाफ्टाच्या फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांना. मग 'बाफ्टाकडे पाहा' हा नवा नियम झाला आणि २०२३ मध्ये तोही पडला: बाफ्टा केट ब्लँचेट आणि ऑस्टिन बटलर यांना, ऑस्कर मिशेल येओ आणि ब्रेंडन फ्रेझर यांना, दोघंही सॅगचे विजेते. २०२५ मध्ये ग्लोब, क्रिटिक्स चॉइस आणि सॅग तिन्ही डेमी मूर यांच्याकडे असताना बाफ्टाच्या मायकी मॅडिसन जिंकल्या.

यावर एक सबळ आक्षेप आहे. अनपेक्षित निकाल म्हणजे स्वतंत्र बुद्धीचा निकाल, असं कशावरून? २००६ चं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या थेट विरोधात जातं. 'ब्रोकबॅक माउंटन'कडे ग्लोब, निर्माते, दिग्दर्शक, बाफ्टा सगळं होतं आणि ऑस्कर 'क्रॅश'ला गेलं. तिथे तक्ता शहाणा होता आणि मतदार चुकले. हे मी मान्य करतो, पण ते का चुकले तेही पाहायला हवं. टोनी कर्टिस आणि अर्नेस्ट बोर्गनाइन यांच्यासारख्या जुन्या सभासदांनी 'ब्रोकबॅक' आपण पाहिलेला नाही हे उघडपणे सांगितलं होतं. दोन पुरुषांच्या प्रेमाची कथा पाहायचीच नाही असं ठरवून मतदान करता येत होतं, नियमात त्याला आडकाठी नव्हती. न पाहता कळपाबरोबर गेलेलं मत आणि न पाहता पूर्वग्रहाने दिलेलं मत यांचं मूळ एकच.

मतदाराने चित्रपट पाहिला आहे याची खातरी असेल तर काय होतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. परभाषिक चित्रपटांच्या विभागात पूर्वी कडक नियम होता: नामांकन मिळालेले पाचही चित्रपट अकादमीच्या खेळांना जाऊन पाहिले असतील तरच मत. त्या काळातले निकाल पाहा. २००७ मध्ये 'पॅन्स लॅबिरिंथ'ने त्या रात्री तीन ऑस्कर घेतले आणि स्वतःच्या विभागात तो 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स'कडून हरला. २००९ मध्ये 'वॉल्ट्झ विथ बशीर'कडे गोल्डन ग्लोब होतं, 'द क्लास'कडे कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार; जिंकला जपानचा 'डिपार्चर्स'. २०१० मध्ये 'द व्हाइट रिबन'कडे कान आणि ग्लोब, 'अ प्रॉफेट'कडे बाफ्टा. जिंकला अर्जेंटिनाचा 'द सीक्रेट इन देअर आइज'. यातला प्रत्येक निकाल मला पटतो असं नाही. 'द व्हाइट रिबन' मी कितीतरी वर ठेवेन. पण तिथे लोक चित्रपट पाहून मत देत होते आणि आधीच्या पुरस्कारांचा धाक त्यांना नव्हता. आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' २००२ मध्ये याच नियमाखाली हरला, आणि तेव्हा सर्वाधिक चर्चेतला 'अमेली'ही हरला. 'नो मॅन्स लँड'ला मत देणाऱ्या प्रत्येकाने 'लगान' पाहिलेला होता. हरण्यातली ही प्रतिष्ठा पुढे किती जणांच्या वाट्याला आली?

भारतीय चित्रपटांना या साखळीचा दुसराच फटका बसतो. तिच्यात शिरायलाच पैसा लागतो. २००४ मध्ये 'श्वास' भारताकडून गेला तेव्हा अमेरिकेतल्या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी उभी करावी लागली. आणि प्रवेशाचं दार फार लवकर बंद होतं. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ने मे २०२४ मध्ये कानचा ग्रां प्री जिंकला. मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिका आणि चाळीतलं घर गमावून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर परतणारी पार्वती, अशी ही गोष्ट. पार्वतीचं काम छाया कदम यांनी केलं आहे. सप्टेंबरात फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या समितीने 'लापता लेडीज' निवडला. डिसेंबरात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडच्या समीक्षकांनी कपाडिया यांचा चित्रपट परभाषिकांत सर्वोत्तम ठरवला, ग्लोबमध्ये त्यांना दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं. 'लापता लेडीज' पहिल्या पंधरांतही आला नाही. एका देशाचा एकच चित्रपट हा नियम आणि घाईने घेतलेला निर्णय, यामुळे तक्त्यात सर्वांत वर असलेलं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं. अशा चित्रपटाबद्दल कोणतंही गणित काही सांगू शकत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने जाहीर केलं, की ज्या विभागात अंतिम मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेले असल्याची नोंद हवी. हा नियम सगळ्या विभागांना लागू झाला हे मला या संस्थेने बऱ्याच वर्षांत केलेलं सर्वांत चांगलं काम वाटतं. पळवाटा निघतील, महोत्सवात पाहिला असं कोणीही लिहून देऊ शकतं. तरी पाच लघुपटांतले चार न पाहता चर्चेतल्या नावावर खूण करण्याची सोय आता अवघड होईल, आणि माझ्या अंदाजाने तक्ते आधी चुकू लागतील ते या छोट्या विभागांत.

पण नियमाने काय फरक पडला हे कळायचं कसं? अकादमी मतांचे आकडे कधीच देत नाही. पूर्वी तिला याची इतकी भीती नव्हती. नोव्हेंबर १९३२ च्या सोहळ्यात फ्रेडरिक मार्च यांना वॉलेस बीरी यांच्यापेक्षा एकच मत जास्त मिळालं होतं. तीन मतांच्या आतला फरक म्हणजे बरोबरी, या तेव्हाच्या नियमाने दोघांनाही पुतळा दिला गेला, आणि हे जगाला कळलं. आज हॉपकिन्स पाच मतांनी जिंकले की पाचशे, 'पॅरासाइट' पहिल्या पसंतीतच पुढे होता की अगदी शेवटच्या फेरीत पुढे गेला, हे कोणी सांगू शकत नाही, आणि सगळी भाकितं या अंधारातच केली जातात. चालू वर्षाचे आकडे झाकलेले राहू देत. हरलेल्याला लगेच दुखवण्यात अर्थ नाही. पंचवीस वर्षं झाली की त्या वर्षीची मोजणी खुली करावी, एवढं मागणं रास्त आहे. तसं झालं तर २०३१ मध्ये 'क्रॅश' आणि 'ब्रोकबॅक माउंटन' यांच्यात किती मतांचं अंतर होतं ते कळेल, आणि २०३५ पासून पसंतीक्रमाची एकेक फेरी आपल्याला वाचता येईल.